खुरापाशी न थांबलेल्या तायडेबाई

डॉ. सुलोचना तायडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका घोड्याच्या पोटाखाली. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. धुळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवा पशुवैद्य म्हणून मी रुजू व्हायला आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात नेमणुकीचा हुकूम. आवारातल्या निंबाखाली टांग्याचा एक घोडा उभा होता आणि त्याच्या खाली ओणव्या झालेल्या एक बाई बोटांच्या टोकांनी त्याच्या छातीखालची मधली रेघ खाजवत होत्या.

"तायडे मॅडम कुठे भेटतील?" मी विचारले.

"भेटल्या," खालून आवाज आला. "आता गप्प उभे राहा आणि याची पाठ बघा. वर उचलतो का, ते सांगा."

मी पाहिले. घोड्याने कान मागे पाडले, शेपटी आवळली. पाठ निरोगी असती तर त्याने ती वर उचलली असती; ती मात्र फळीसारखी ताठ राहिली. तसे मी सांगितले. बाई बाहेर आल्या, पदर झटकला, हुकुमाकडे न बघता म्हणाल्या, "बरोबर पाहिलंत. या."

आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे आणि संपादकांनी मला बाईंच्या कार्याविषयी लिहायला सांगितले आहे. कार्य हा शब्द बाईंना आवडत नाही. त्या म्हणतात, "मी काम केलं. आणि ते करू नका असं सांगणाऱ्यांशी भांडले." तेव्हा या लेखात भांडणे येतील. ती वगळली तर बाई उरणार नाहीत.

बाई यावलच्या. आईवडील केळीच्या बागांमध्ये मजुरीला जात. घर बौद्ध, शिकलेच पाहिजे हा त्या घरातला नियम होता आणि त्याला सवलत नव्हती. पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्या काळी मुली मोजक्या. त्यांना सांगितले जाई, तुम्ही कोंबड्या बघा, कुत्री बघा. बाईंनी घोडा निवडला. का, असे मी एकदा विचारले होते. "नको म्हणाले म्हणून," इतकेच उत्तर मिळाले.

वाचकांमध्ये सगळेच पशुवैद्य नाहीत, म्हणून बाईंनी नेमके काय केले ते थोडक्यात सांगतो. घोड्याच्या खुराच्या आत दाह होतो. तो जुना झाला की खूर वाकडातिकडा वाढतो, त्यावर वळ्या पडतात, तळवा सपाट होतो. पुढचे पाय टेकवणे नकोसे झालेले जनावर आपला भार मागे ढकलते. मागचे पाय पोटाखाली ओढून घेते आणि पाठ आवळून उभे राहते. वर्षानुवर्षे उभे राहते. शेवटी पाठच दुखू लागते. पण डॉक्टर येतो, वाकडा खूर बघतो, 'खुराचा जुना आजार' म्हणतो आणि निघून जातो. बाई तिथून पुढे जात. कठीण जमिनीवर चालवून झाले की त्या घोड्याला मऊ मातीवर चालवत. तिथे खुराला थोडा आराम मिळतो, पाठीला मिळत नाही. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी उघडा तळहात खांद्यापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत सावकाश नेत. डोळे मात्र घोड्याच्या कानांवर. मी एकदा घाईने बोटे रुतवली तेव्हा हात बाजूला करून म्हणाल्या, "असं दाबलं तर मीसुद्धा दचकेन. त्यावरून माझी पाठ दुखते असं लिहिणार का?" त्याच जागी, त्याच हळुवार स्पर्शाने, पुन्हा पुन्हा तेच उत्तर आले तरच त्या ते खरे मानत.

या हाताची खरी कसोटी लागली ती सोनकी नावाच्या घोडीवर. सोनकी सुपडू आबांची. आबा धुळ्यात टांगा चालवत; घरात दुसरे कमावते कुणी नव्हते. सोनकीचे पुढचे दोन्ही खूर जुन्या दाहाने बिघडलेले होते आणि अलीकडे ती चावू लागली होती. टांग्यात चढणाऱ्या एका गृहस्थांच्या दंडाचा तिने लचका घेतला. तक्रार वरपर्यंत गेली. आमचे वरिष्ठ साहेब दवाखान्यात आले, खूर बघितले आणि निकाल दिला: घोडी असाध्य रोगी आणि धोकादायक आहे, तिला दयामरण द्यावे. दवाखान्याच्या प्रमुख म्हणून अभिप्राय बाईंनी द्यायचा होता.

आबा घोडीच्या मानेला हात लावून उभे होते. "बाई, सोनकी गरीब शे," ते म्हणाले. "ती पहिले कधी कोनले चावनी नही. तिले काहीतरी दुखस. पन कोठे, ते माले समजत नही."

साहेब म्हणाले, "तायडेबाई, हिच्या खुरांतच सगळं संपलंय. उगीच वेळ घालवू नका."

"साहेब, तुम्ही खूर पाहिलात," बाई म्हणाल्या. "घोडी पाहायची राहिली आहे."

साहेबांसमोर असे कुणी बोलत नसे. एखादी बाई तर नाहीच. बाईंनी मला बधिर करणारे इंजेक्शन भरायला सांगितले. सोनकीच्या दोन्ही पुढच्या पायांना, खुराच्या वर, आतून आणि बाहेरून त्यांनी ते दिले आणि आम्ही थांबलो. थोड्या वेळाने त्यांनी पेनाच्या टोकाने टाचेला टोचून बघितले. घोडीने पाय हलवला नाही. मग आबांनी तिला चालवले. सोनकीची पावले लांब पडू लागली. आबांचा चेहरा उजळला.

"बघा," साहेब म्हणाले, "म्हणजे दुखणं खुरातच होतं."

"अजून झालं नाही. आबा, हिच्यावर साज चढवा. पोटाचा पट्टा आवळा."

टांग्याच्या दांड्यांचा भार ज्या गादीवर येतो ती गादी आबांनी सोनकीच्या पाठीवर ठेवली आणि पट्टा ओढला. तत्क्षणी सोनकीने मान फिरवली आणि दात आपटले. आबा मागे सरले म्हणून वाचले. शेजारच्या लाकडी कठड्यावर दातांच्या खुणा उमटल्या.

बाई साहेबांकडे वळल्या. "खूर आत्ता बधिर आहेत, साहेब. मग ही चावली कशामुळे?"

बाईंनी गादी उतरवली, सोनकीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि सावकाश मागे नेला. गादीच्या जागेमागे हात पोचला तशी घोडीची पाठ खाली खचली. बाईंनी हात काढला, पुन्हा नेला. पुन्हा तेच. "या, तुम्हीही हात लावून बघा," त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी हात मागे बांधले होते, ते तसेच राहिले.

"आणि समजा पाठ दुखते आहे," अखेर ते म्हणाले, "औषध काय आहे तुमच्याकडे?"

"खूर नीट कापायचे, साज बदलायचा, पाठ शेकायची आणि वेळ द्यायचा. बाकी सगळं माझ्याकडे आहे. वेळ तेवढा तुमच्याकडे मागते आहे."

"आणखी कुणाला चावली तर?"

"पहिली मला चावेल. सर्वांत जवळ मीच असणार आहे. मारण्याचा अभिप्राय मी देणार नाही. तुम्हाला द्यायचा असेल तर तुम्ही द्या, आणि त्यावर पाठ तपासली नाही असंही लिहा."

साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. असा अभिप्राय त्यांनीही दिला नाही.

तो सगळा हिवाळा आम्ही सोनकीसाठी राबलो. नालबंदाला शेजारी बसवून बाईंनी खुराचा पुढे वाढलेला भाग थोडा थोडा कमी करवला, टाचा सारख्या केल्या, नालेखाली चामड्याची गादी घातली. पाठीवर गरम पाण्याची पोती, मग मालीश, मग पाठ उचलावी म्हणून छातीखालची ती रेघ खाजवणे. आबा तिला पांझरा नदीच्या वाळूत हळूहळू फिरवत. साजाची गादी बाईंनी उसवून पुन्हा भरून घेतली, कण्यावर भार येणार नाही अशी. सुरुवातीला सोनकीने बाईंच्या दंडालाही प्रसाद दिला. बाईंनी पट्टी बांधली, लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून कामावर आल्या आणि कुणाला कळू दिले नाही. मला कळले, कारण पट्टी मीच बांधली होती.

उन्हाळा लागण्याच्या सुमारास एके सकाळी आबा सोनकीला घेऊन आले. साज चढवलेला होता. "बाई, हात लावा," ते म्हणाले. "आते चावत नही." बाईंनी तळहात खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत नेला. सोनकी उभी राहिली, एक लांब श्वास सोडला आणि मान खाली घातली. मी बाईंकडे पाहिले. त्या तोंड फिरवून निंबाकडे बघत होत्या. सोनकीचे खूर पुढेही बेढबच राहिले. जड ओझे ती कधी ओढू शकली नाही. पण शाळेच्या मुलांना ने-आण करत आबांचे घर तिने चालवले.

कुणी म्हणेल, बाई हट्टी होत्या म्हणून प्रत्येक जनावर वाचवत सुटल्या असतील. तसे नाही. शिंदखेड्याकडून आणलेल्या एका घोड्याच्या खुरातले हाड तळव्यातून बाहेर आले होते. त्याचा मालक रडत होता, अजून काही करा म्हणत होता. बाईंनी त्याला बाकावर बसवले, समजावले, आणि शेवटचे इंजेक्शन स्वतः दिले. मी पुढे झालो तेव्हा म्हणाल्या, "हे काम मी दुसऱ्याला सांगत नाही." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

वरातीचे घोडे बाळगणाऱ्या एका बड्या घरी आम्ही गेलो तेव्हाचा प्रसंगही सांगितला पाहिजे. ओट्यावरच्या यजमानांनी बाईंचे नाव विचारले, आडनाव पुन्हा विचारले आणि मला म्हणाले, "घोड्याला तुम्हीच बघा, साहेब." बाई म्हणून की तायडे म्हणून, ते त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. बाई शांतपणे म्हणाल्या, "जरूर बघतील. पण यांचा हात मी शिकवलेला आहे. तो चालत असेल तर माझाही चालेल. आणि माझा चालत नसेल तर दोघंही निघतो." आम्ही फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक आली. बाई परतल्या. घोड्याला तपासायचे सोडून त्या मान राखून घेत बसल्या नाहीत. बसायला खुर्ची मात्र मागून घेतली, ओट्यावर.

सोनकी बरी झाली त्याच वर्षी बाईंची बदली झाली. प्रशासकीय सोय, असे कारण दिले होते. नरडाण्याच्या बाजूचा एका खोलीचा दवाखाना. तिथे म्हशी आणि शेळ्या, घोडा औषधालाही नाही. निरोपाच्या वेळी मी संतापून काहीतरी बोललो. बाई ट्रंकेला दोरी बांधत होत्या. "माझे हात त्यांनी ठेवून घेतलेत का? नाही ना? मग दोरीचं ते टोक धरा."

पुढे जे झाले त्याची साहेबांना कल्पना नसावी. धुळ्याचे टांगेवाले नरडाण्याला जाऊ लागले. लंगडणाऱ्या घोड्याला एवढे चालवणे बरे नव्हे, म्हणून बाईंनी त्यांना दटावले आणि स्वतःच सुटीच्या दिवशी एस.टी.ने धुळ्याला येऊ लागल्या. दवाखान्याच्या आवारात परवानगी मिळेना, तेव्हा टांगा स्टँडवरच तपासणी सुरू झाली. मी मदतीला जाई. साहेबांनी मला बोलावून विचारले, "सुटीत तिथे काय करता?" मी म्हणालो, "शिकतो." बाईंच्या सहवासात इतके धाडस माझ्यातही आले होते.

माझे घर फैजपूरचे, किराणा दुकानाचे. आमचे पूर्वज राजस्थानातून आले. मुलगा जनावरांचा डॉक्टर झाला हे वडिलांना सलत असे. ते एकदा मला दुकानात परत न्यायला स्टँडवर येऊन ठेपले. "आमच्या घराण्यात कुणी घोड्यांच्या पाठी चोळल्या नाहीत," ते बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "काका, आमच्या घराण्यात कुणी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. कुणीतरी पहिलं असतंच. तुमच्याकडे हा आहे." त्यांनी वडिलांना चहा पाजला, एका घोड्याच्या पाठीवर त्यांचा हात ठेवून आवळलेला स्नायू दाखवला. वडील एकटेच परतले. पुन्हा दुकानाचा विषय त्यांनी काढला नाही.

नव्वदच्या दशकात वारे बदलले. जळगावात पशुवैद्यांचे प्रशिक्षण ठरले. लंगड्या घोड्याची पाठ कशी तपासावी हा विषय. बाईंना शिकवायला बोलावले. छापील पुस्तिका वाटली गेली. पद्धत सगळी बाईंची होती, वर 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली' असे होते आणि बाईंचे नाव कुठेच नव्हते. मला वाटले, बाई हसून सोडून देतील. त्या उठून उभ्या राहिल्या.

"यातला हात माझा आहे," भरल्या सभागृहात त्या म्हणाल्या. "नाव दुसऱ्याचं आहे. मी मोठेपणासाठी बोलत नाही. आमच्यासारख्यांचं काम निनावी छापलं जातं आणि मग आम्ही काही केलंच नाही असं सांगितलं जातं. नाव छापून आणा. तोवर मी शिकवणार नाही."

त्या खाली बसल्या. व्यासपीठावर कुजबुज झाली, चहाची सुटी लांबली. दुपारी पुस्तिकेवर नवे पान चिकटवून आले. बाईंनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता बाहेर चला. घोडा उन्हात उभा आहे." त्या दुपारी शिकून गेलेले डॉक्टर आज खानदेशभर आहेत.

बाई आता यावलला असतात. गुडघे कुरकुरतात, हातात काठी आली आहे. गेल्या लग्नसराईत त्यांच्या दारावरून वरात निघाली. नवरदेवाची घोडी मागचे पाय पोटाखाली ओढून चालत होती. बाई काठी टेकत रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. बँड थांबला. घोडीच्या पाठीवर हात फिरवून त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "उतर, बाळा. तुझे पाय चांगले आहेत." वऱ्हाडी खवळले. बाई हलल्या नाहीत. शेवटी नवरदेवच हसून खाली उतरला आणि मांडवापर्यंत चालत गेला. मोकळी झालेली घोडी त्याच्या मागून.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, असे आम्ही सारे मनापासून मागतो. तुमचे गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. शांत, निवांत म्हातारपण मात्र आम्ही तुमच्यासाठी मागत नाही. ते तुम्ही घेणार नाही, आणि इथल्या मुक्या जनावरांना ते परवडणारही नाही.