सासूबाईंनी सोडलेलं माझं गोल्फ

माझी कंबर गव्हाने मोडली. हे आधीच ठणकावून सांगते, कारण आमच्या घरात, सोसायटीत आणि बँकेत माझ्या काउंटरच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांचं एकमत झालं होतं की ती गोल्फने मोडली. तोंडावर कुणी बोललं नाही. पण भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा, मग कोपऱ्यातल्या गोल्फच्या बॅगेकडे, आणि मग हळूच मान हलवायचा. मी पाठीवर पडलेली, उठून भांडायचीही सोय नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

झालं होतं ते असं. सासूबाईंचं माहेर सटाण्याचं. दर उन्हाळ्यात त्यांच्या भावाच्या शेतातले वर्षाचे गहू पोत्यांनी आमच्या घरी येतात. मग त्यांना ऊन दाखवा, चाळा, निवडा, एरंडेल चोळा आणि पत्र्याच्या कोठीत भरा. त्या दिवशी कोठी काठोकाठ भरल्यावर सासूबाईंच्या लक्षात आलं की ती खिडकीखालीच राहिली, पावसाळ्यात ओल लागेल. जरा भिंतीकडे सरकव गं, असं त्या म्हणाल्या आणि मी कमरेतून वाकून जोर लावला. कोठी हलली. माझ्या कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ गेली की मी तिथेच गव्हाच्या भुशात बसले आणि मला उठताच येईना. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबली गेलीय. ऑपरेशन आत्ता नको, आधी पडून राहा, मग व्यायाम, मग बघू.

त्या संध्याकाळीच सासूबाई शेजारणीला फोनवर सांगत होत्या की अहो, ते काठ्या फिरवणं नडलं हिला. मी आतल्या खोलीतून ओरडले, "गहू म्हणा, आई, गहू!" त्यांनी दार लोटून घेतलं. माहेरच्या गव्हाला बोल लावू देतील तर शपथ.

आता हे गोल्फ आमच्यासारख्यांच्या घरात आलं कुठून, ते सांगते. सासरे ओझरच्या विमान कारखान्यात टूलरूममध्ये होते. तरुणपणी एकदा साहेबलोकांना खेळायला चौथा गडी कमी पडला म्हणून त्यांनी सासऱ्यांना ओढून नेलं आणि सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बॉल असा मारला म्हणे की साहेब बघत राहिले. तिथून जे खूळ लागलं ते लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात पहाटे उठणारी दोनच माणसं होती, एक बाबा, म्हणजे सासरे, आणि दुसरी मी. नवऱ्याला ऊन अंगावर आल्याशिवाय जाग येत नाही. एका रविवारी मी एकटीच चहा पीत बसलेली बघून बाबा म्हणाले, चल. सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याच्या कोर्सवर गेले. त्यांनी स्वतःची एक जुनी काठी माझ्या उंचीची कापून आणली होती. तेव्हापासून आमचा रविवार ठरलेला. नाशिकमध्ये गोल्फ क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो मैदानातला चालायचा ट्रॅक, त्यामुळे बरीच वर्षं नातेवाइकांना वाटत होतं की सासरे-सून चालायला जातात. आम्हीही कुणाला सुधारायला गेलो नाही.

पण पडल्या पडल्या माझा जीव वरखाली होत होता तो कंबरेमुळे नाही. गेल्या दोनेक वर्षांत बाबांची नजर उतरत चालली होती. बाजूचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच मधोमध धुकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थोपवता येईल तेवढं थोपवू, मागे फिरवता येणार नाही. हे फक्त मला माहीत होतं, कारण दवाखान्यात त्यांना मीच नेलं होतं. घरी ब्र काढायचा नाही अशी त्यांची ताकीद होती. कळलं की सगळे मिळून त्यांना खुर्चीत बसवतील, ही त्यांना खात्री होती. स्कूटर त्यांनी गुडघ्याचं निमित्त करून आपण होऊन सोडली आणि आम्ही माझ्या गाडीने जाऊ लागलो. कोर्सवर ते सवयीने बॉल मारायचे आणि विचारायचे, कुठे गेला? मी सांगायची, उजवीकडे बाबा, बाभळीच्या अलीकडे. एकदा बॉल झुडपात गेलेला असताना मी उगाच चांगला पडला म्हणून सांगितलं, तर ते अख्खी सकाळ माझ्याशी बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "पोरी, तूच खोटं सांगायला लागलीस तर मी बघू कुणाच्या डोळ्यांनी?" त्यानंतर मी कधी बॉलच्या बाबतीत खोटं बोलले नाही.

आता मी पलंगावर आणि बाबा घरात. दुसऱ्या कुणाबरोबर ते जाईनात, कारण दुसऱ्याला कळलं असतं. घरात सगळ्यांना वाटलं, सुनेच्या दुखण्याने म्हाताऱ्याने हातपाय गाळले. मला मात्र दिसत होतं की माझी कंबर जितकी उशिरा उभी राहील तितकं त्यांच्या डोळ्यांतलं धुकं वाढणार. दोघांना परत एकत्र खेळायचं असेल तर मला घाई करायला हवी होती आणि कंबरेचं दुखणं तर घाई केली की दुप्पट बसवून ठेवतं. चिडचिड नाही होणार तर काय होणार?

सासूबाईंनी माझं केलं मात्र सगळं. खोटं कशाला बोलू. मला न्हाऊ घातलं, मोजे चढवले, कुशीवर वळवलं. भर पावसाळ्यात मी रात्रंदिवस त्या खोलीत, आणि त्या खाली चटईवर. मी कण्हले की म्हणायच्या, माय वं, सोस थोडं. फिजिओथेरपीची बाई येऊन शिकवून जायची: उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली, मग हाताने उठायचं, वाकायचं ते गुडघ्यातून, कंबरेतून नाही. ती गेली की सासूबाई पोलिसासारख्या लक्ष ठेवायच्या. मी जरा कंबरेतून वाकले की त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून यायचा. भिंतीआडून त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

पाऊस सरता सरता मी चालायला लागले, तेही त्याच मैदानातल्या ट्रॅकवर. नाव गोल्फ क्लबचं, आणि गोल्फ सोडून तिथे सगळं चाललेलं. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला बाबा. सासूबाईंना वाटायचं बाबा मला आधार देताहेत. खरं तर खड्डा आला की मी त्यांचा हात दाबायची. पायाचा बधिरपणा हळूहळू उतरला. एक दिवस दिवाणखान्यात मी छत्री घेऊन अर्धाच फिरवून बघितली आणि काहीही दुखलं नाही. मला इतका आनंद झाला की मी छत्रीचीच पापी घेतली.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली. अर्धाच हात फिरवायचा, जोर नाही, आणि होलमधला बॉल काढायला खाली वाकायचं नाही. मी घरी आले ती उड्या मारायच्या बेतात. जेवताना जाहीर केलं की रविवारी आम्ही जाणार. नवरा बरं म्हणाला. बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. आणि सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी गडावरच्या देवीला बोललेय. ही आपल्या पायांनी चालली तर हिचं गोल्फ सोडीन."

नवस सगळेच बोलतात. आमच्याकडे कुणी नातवासाठी चहा सोडतं, कुणी नवऱ्यासाठी वांगं. पण दुसऱ्याचा जीव की प्राण परस्पर देवीला देऊन टाकायचा, हे माझ्या सासूबाईंनाच सुचू शकतं! मग माझं तोंड सुटलं. स्वतःचा चहा सोडायचा होता, म्हटलं. नाहीतर ते सटाण्याचे गहू सोडायचे होते, ज्यांनी हे सगळं केलं!

गव्हाचं नाव काढलं आणि त्यांचे डोळे भरले. तेव्हा मला कळलं की कोठी सरकव म्हटलेलं त्यांना माझ्याइतकंच आठवत होतं, कदाचित जास्त. त्या म्हणाल्या, माझा चहा देवीला काय कामाचा? तू पाय हलवत नव्हतीस. तुझा जीव ज्यात आहे ते दिलं तरच ती ऐकेल असं वाटलं मला.

माझा देवावर फार विश्वास नाही, पण त्या खाली चटईवर झोपलेल्या मी बघितल्या होत्या. त्यांचा शब्द मोडून खेळायला गेले असते तर पुढे मला शिंक आली तरी त्यांनी रात्र जागून काढली असती. रविवार माझ्या हातातून जाताना मला दिसत होता, आणि सोबत बाबांचाही.

बाबांनी पाण्याचा पेला चाचपून घेतला, एक घोट प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "देवीला या घरातलं गोल्फच द्यायचंय ना? मग माझं दे. हिचं नको."

तुम्ही कशाला सोडता, इतक्या वर्षांचं, असं सासूबाई म्हणाल्या.

"मला बॉल दिसत नाही गं. बरेच दिवस झाले. तूही नीट दिसत नाहीस."

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी ताटाकडे. मला रडू फुटलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी दोन वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं ती त्यांनी माझ्या खेळासाठी ताटावर उघडी केली. सासूबाई उठल्या, बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या ताटातल्या भाजीतली मिरची बोटाने वेचून बाजूला काढायला लागल्या.

आम्ही गडावर जाऊन नवस फेडला. सासूबाईंनी ओटी भरली, बाबांनी शेजारी आपला एक जुना, खरवडलेला बॉल ठेवला. पुजाऱ्यांनी तो उचलून उलटसुलट बघितला आणि फुलांमध्ये ठेवून दिला. परतताना गाडीत मी सांगून टाकलं की बाबा कोर्सवर येणार नसतील तर मीही जाणार नाही. बाबा म्हणाले, मारायचं सोडलंय, यायचं कुठे सोडलंय? त्यावर सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या की त्या खाचखळग्यांत यांना धरायला कुणी हवं, मी येते.

असं आम्ही तिघांनी एका रविवारी थंडीत कोर्सवर पाऊल टाकलं. सासूबाई नऊवारीवर स्वेटर घालून, कानाला मफलर, पायात त्यांच्या करकरणाऱ्या चपला. हिरवळीवर त्या घासत चालू नका म्हणून मी दोनदा सांगितलं, व्यर्थ. मी पहिला बॉल लावला. कळ पुन्हा पायात उतरली तर? मी अर्धाच हात फिरवला. बॉल टक्कन लागला. कंबर गप्प राहिली. बाबा मान कलती करून म्हणाले, "मधोमध लागला," आणि सासूबाई त्यांचा दंड धरून ओरडल्या, "तो बघा तिकडे पडला, टेकाडाच्या पलीकडे, पांढऱ्या दगडापाशी!" त्यांची लांबची नजर घारीसारखी आहे हे आम्हाला इतक्या वर्षांत कुठे माहीत होतं? त्यांना कधी आणलंच नव्हतं.

मी बॉल होलमध्ये घातला की पदर खोचून तो वाकून काढायच्या त्याच. गुडघ्यातून वाकायच्या, मला दाखवून. एकदा तशाच वाकलेल्या असताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या की भावाला कळवलंय, यंदा गहू छोट्या पिशव्यांतून पाठव, कोठीबिठी नको. मी बरं म्हटलं. मला त्यांना मिठी मारायची होती, पण त्या आधीच पुढे निघाल्या होत्या.

शेवटच्या होलपाशी माझा बॉल अगदी जवळ थांबला. बाबा थोडे मागे उभे होते, हात मोकळे सोडून. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नसावं. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातातली काठी घेऊन त्यांच्या हातात दिली. सोडलंय ना, बाबा म्हणाले.

"मारायचं सोडलंय. हे नुसतं ढकलायचंय. देवीशी मी बोलून घेते."

मी बाबांना बॉलपाशी उभं केलं. सासूबाईंनी झेंड्याची काठी होलमध्ये खडखड वाजवली आणि म्हणाल्या, इकडे, माझ्याकडे. बाबांनी आवाजाकडे मान वळवली, पाय रोवले आणि ढकललं. बॉल सरळ गेला, छान गेला, आणि होलच्या काठावर येऊन थांबला. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, काठी बाजूला घेतली, पाय पुढे केला आणि चपलेच्या टोकाने बॉल आत लोटला.

बाबांनी तो पडल्याचा आवाज ऐकला. सवयीने माझ्याकडे तोंड करून विचारलं, "पोरी, कुठे गेला?"

सासूबाईंनी श्वास रोखला होता. "आत आहे, बाबा," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाबांचे खांदे हलायला लागले, आणि हसत हसत त्यांनी बायकोचा हात शोधून धरला.

"पुढच्या रविवारी चपला बदलून ये," ते म्हणाले. "ह्या फार वाजतात."