नानासाहेबांच्या जिवाला धोका

पिशोरच्या नानासाहेबांच्या जिवाला धोका आहे, हे गावाला कळलं ते त्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आल्यावर. तोवर ते बाजारात, एसटीत एकटेच हिंडत आणि त्यांच्याकडं कुणी वाकडं पाहत नसे. साखर कारखान्याच्या निवडणुकीत पडले, तेव्हा विरोधकांनी दारात फटाके वाजवले, तेवढाच काय तो धोका. पण एका पुढाऱ्याची ओळख कामी आली आणि लायसन मिळालं.

मग त्यांनी सदरे आखूड शिवून घेतले. टपरीवर बसताना आधी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवायचं आणि मग चहा सांगायचा. चहावाला साखर किती, हे विचारायचा बंद झाला. शेजारचा पुंजाराम दरसाल बांध कोरायचा आणि ते भांडण शिव्यांवर भागायचं. आता नानासाहेबांनी नुसता कमरेला हात लावला, की पुंजाराम औत सोडून घरी जाई.

"हत्यार असलं की भांडणच होत नाय," ते बायकोला सांगत.

"व्हय. बोलणंच होत नाय," द्वारकाबाई म्हणत.

पुतण्याच्या वरातीला जवळच्या कन्नड गावचा बँड होता. त्यात गयास क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या वाजवण्यावर म्हातारेसुद्धा नाचत. नानासाहेबांना वाटलं, आपल्याकडं कुणी बघेना. त्यांनी हवेत बार काढला. दुसरा काढताना नाचणाऱ्या पाहुण्याचा धक्का बसला आणि गोळी गयासच्या उजव्या पंजातून आरपार गेली. पाहुणे वाट फुटेल तिकडं पळाले. गयास वाद्य पोटाशी धरून खाली बसला. द्वारकाबाईंनी शालूचा पदर फाडून त्याचा हात बांधला आणि जीपमध्ये घालून त्याला औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं.

हात वाचला. दोन बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत.

नानासाहेब मोसंब्या घेऊन भेटायला गेले. म्हणाले, "हत्याराचा दोष नाय गयासमियाँ. धक्का लागला."

"धक्के तर वरातीत मलाबी लई लागतात, नाना," गयास म्हणाला. "माझ्या क्लॅरिनेटनं अजून कुणाचा पंजा फोडला नाय."

पोलिसांनी केस केली, रिव्हॉल्व्हर जप्त झालं, लायसन रद्द झालं. नानासाहेबांनी औरंगाबादला अपील केलं. वकिलानं द्वारकाबाईंनाही सुनावणीला नेलं. घरात सगळे भीतीखाली आहेत, एवढंच सांगायचं, असं त्यानं पढवलं होतं.

"घरात भीती वाटते का?" अपील ऐकणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"वाटायची, साहेब. ते हत्यार ठाण्यात गेल्यापासून झोप लागती."

"पण यांच्या जिवाला कुणापासून धोका आहे?"

"यांच्या जिवाला कशाचा? यांच्यापासून बाकीच्यांना हाये. त्याचा अर्ज कुठं करायचा?"

वकील खिडकीबाहेर बघू लागला. अपील फेटाळलं गेलं.

परतीची एसटी फुलंब्रीला पोचली. नानासाहेब म्हणाले, "चार लोकांत अब्रू घालवलीस."

"अब्रू कमरेला बांधत नसतेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या.

पुढच्या नांगरटीला पुंजारामानं पुन्हा बांध कोरला. नानासाहेबांचा हात कमरेला गेला, तिथं नुसता करदोटा लागला. मग त्यांनी काठी उचलली. पुंजारामाचं डोकं फुटलं. त्यानं नानासाहेबांच्या दंडाचा असा चावा घेतला, की सदरा दातात राहिला. टाके घालायला दोघं एकाच जीपमधून कन्नडला गेले, वाटेत एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार करत. नंतर सरकारी मोजणी झाली आणि बांधावर दगड रोवले गेले.

गयास आता बँडमध्ये झांज धरतो. क्लॅरिनेट त्याचा मेहुणा वाजवतो, बेताचंच. नानासाहेबांनी ते वाद्य ऐकलं, की ते वरातीतून लवकर निघतात, एवढी लाज त्यांच्यात आहे. बाकी माणूस होता तसाच.

परवा टपरीवर ते पुंजारामाच्या समोरच बसून लोकांना सांगत होते, "त्या दिवशी हत्यार असतं ना, तर याला दाखवलंच असतं."

"दाखवलं असतंत," पुंजाराम बशीत चहा ओतत म्हणाला. "बघायला मी नसतो, एवढंच."