बॉल नसलेला व्हिडिओ

ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझे बेसनाचे लाडू उलटेपालटे करून पाहिले आणि सोडले. सुटले बाई! पण खरी परीक्षा पुढेच होती. माझा निरंजन, वय तेहतीस, पेशाने इंजिनिअर, इथे शनिवारी अमेरिकन फुटबॉल खेळतो. सगळा देश रग्बीवेडा आणि आमचं ध्यान भलतंच खेळतंय! फोनवर म्हणाला होता, "आई, मी स्पेशल टीममध्ये आहे." झालं! कोथरूडच्या हास्यक्लबात मी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. खेळतानाचा व्हिडिओ आणते, असं सगळ्यांना सांगून आले.

तीन आठवडे डोंगर, तळी, मेंढ्या झाल्या. शनिवारचे दोन सामने मात्र पावसाने खाल्ले. उरला एकच. दुसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान.

मैदानावर नॉर्वेस्टर (वायव्येचा कोरडा, गरम वारा) सुटला होता. शेजारच्या खुर्चीत जांडल्स (आपल्या स्लिपर) घातलेली एक दांडगी बाई.

"कीआ ओरा!" (नमस्कार!) ती म्हणाली. ही मेरी. निरंजनच्याच टीममधला, किक झेलून पळणारा टोनी तिचा मुलगा.

पहिली किक पडली तेव्हा मी चष्मा शोधत होते. वर पाहते तर निरंजन बाकावर.

"काय रे, हाकललं की काय तुला?"

"अगं, आमचं काम किकपुरतंच. एरवी बसायचं."

एवढ्यासाठी स्पेशल? दुसऱ्या किकला मी खाण्याच्या रांगेत होते. सॉसेज नको म्हटल्यावर त्यांनी पावात नुसता परतलेला कांदा दिला, तो झकास लागला. पण मागे आरडाओरडा झाला आणि वळेपर्यंत आमचा पुन्हा बाकावर! तिसऱ्या वेळी मोबाइल सज्ज ठेवला. व्हिडिओत आभाळ आलं, बॉल आला, टोनी आला. निरंजन नाही.

मध्यंतरात त्याने डोक्याला हात लावला. "आई, टोनी मागे किक झेलतो आणि पळत सुटतो. त्याच्यावर अकरा जण धावून येतात. त्यांना आम्ही अडवायचं, तेही समोरून. पाठीत ढकललं की फाउल."

"म्हणजे वरातीत नवरदेवाला वाट करून देणारे मामा!"

"हो, तेच. तू बॉलकडे बघूच नकोस. माझ्याकडे बघ."

शेवटची काही मिनिटं उरली. समोरच्यांनी गुण मिळवून आघाडी घेतली आणि, गुण घेणाऱ्यानेच किक मारायची या नियमाप्रमाणे, किकही त्यांनीच मारली. बॉल उंच गेला, सगळ्यांच्या माना वर. माझा मोबाइल मात्र निरंजनच्या बावन्न नंबरच्या पाठीवर.

एक आडदांड माणूस सुसाट आला. निरंजनने छाती भिडवली आणि दोघे धाडकन आडवे झाले. त्यांच्यावरून कुणीतरी उडी मारून गेलं. लोक "टोनी! टोनी!" करत होते, मी एकटीच किंचाळत होते, "ऊठ रे, ऊठ!" टोनी थेट शेवटच्या रेषेपार गेला, गुण आमचे! निरंजन उठला, गवत थुंकला, ढोपर चोळू लागला. मला रडूच फुटलं, आणि त्याची मुळीच लाज वाटली नाही.

मेरी टोनीकडे धावेल असं वाटलं होतं. तिने आधी मला कवटाळलं. "तुझ्या पोराने दार उघडलं, म्हणून माझा आत शिरला!"

पुण्याला पोचल्यावर हास्यक्लबात व्हिडिओ फिरला. अकरा सेकंदांचा. कुलकर्णीबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"अहो, पण यात बॉल कुठाय?"

"बॉल बघायला अख्खं मैदान होतं," मी म्हटलं. "मी माझं पोर बघायला गेले होते."