माय, म्हैस सुटली!

भूत, चकवा, हाक... असलं काही मी कधीच मानलं नाही. लातूरला शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे "भास झाला असेल" हे मला ऐकवू नका, ते मीच आजवर लोकांना ऐकवत आलोय. तरी लिहितोय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

गेल्या मे महिन्यात मी, बायको वैशाली आणि आई, असे कारने उदगीरमार्गे देगलूरच्या पुढे गेलो. तिकडे आपली काळी माती संपते आणि एकावर एक रचल्यासारख्या ग्रॅनाइटच्या शिळांचे डोंगर लागतात. झाड नाही, पाणी नाही, नुसतं उजाड. वैशालीला ते चढून बघायचे होते. तासभर चढलो. आसपास ना गाव, ना वस्ती.

एका कलत्या शिळेखाली सावली होती, तिथे डबा सोडला. आई मात्र उन्हातच! किल्लारीच्या भूकंपात माझी नऊ वर्षांची बहीण मंगल गेली. तेव्हापासून आई दगडाखाली बसत नसे. घरीसुद्धा स्लॅबखाली झोपत नसे, बारा महिने अंगणात पत्र्याखाली. माझं टाळकंच सरकलं. "तीस वर्षं झाली, आता पुरे कर!" म्हणत मी तिला हाताला धरून आत ओढलं. हो, ओढलं. त्याची लाज वाटते.

ती बसली. पहिला घास घेतला आणि बाहेरून लहान मुलीची हाक आली —

"माय, म्हैस सुटली गंऽ!"

आई ताडकन उठून पळाली. ती पडेल म्हणून आम्ही दोघं मागे धावलो. दहा पावलं गेलो नसू... मागे शिळा धाडकन खाली बसली. डबा, बाटल्या, सगळं तिच्याखाली. बाहेर मुलगी नव्हती. म्हैस तर नव्हतीच.

आवाज ऐकून शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा धावत आले. हात जोडून म्हणाले, "देवानं वाचवलं बगा, माय."

आई अशी भडकली!

"कोन्ता देव? त्या पहाटं बी हीच हाक आली. म्या ह्याला काखंत मारून भाईर आले, तर म्हैस दाव्यालाच. वळून बघते तर घर न्हाई. मंगल गोधडीत सापडली, झोपल्याली. मग हाक कुनी मारली? माझ्या लेकीचा आवाज काढतो अन् तिलाच आत ठिवतो? थू!"

दगड उचलून ती त्या शिळेवर हाणत राहिली. आम्ही दोघांनी धरून तिला खाली आणलं.

ही हाक तिने इतक्या वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. मलाही नाही. मग मी आणि वैशालीने ती शब्द न् शब्द कशी ऐकली? तिघांना एकच भास होतो? नातेवाईक म्हणतात, आभार मान. कुणाचे? वाचवायचंच होतं, तर गोधडीतली पोर दिसली नाही का?

आई आता घरात झोपते. स्लॅबखाली, आतून कडी लावून. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मारू दे हाक. ह्या खेपंला म्या उठत न्हाई."