गाठ पाणी पिते म्हणे

मला गाठ आहे हे कळलं आणि माझ्या थोरल्या जावेने माझा तांब्या उचलून फडताळात ठेवला.

गाठ अंडाशयात होती आणि तिच्यापायी पोटात पाणी साचत होतं. वय साठीच्या पुढे आणि पोट नऊ महिने भरलेल्या बाईसारखं. मुंबईच्या इस्पितळात सुई घालून पाणी काढलं, कळशीभर तरी असेल. दहा दिवसांत पोट पुन्हा तट्ट. मग केमोची पहिली सलाईन झाली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाणी भरपूर प्या, हे औषध मूत्रपिंडांना जड जातं. मुलाने मान डोलावली.

कोन गावी घरी आलो तर जाऊ ओटीवर बसलेलीच. सगळं ऐकून म्हणाली, "डाक्टर सगल्यांना तसंच सांगतात. पोटात पानी हाय न् वरून पानीच पाजायचं? गाठ पानी पिते. पानी तोडा, सुकंल ती."

मुलाला पटलं, सुनेला पटलं. खोटं कशाला लिहू, मलाही पटलं. माझा बाप खाडीच्या बंधाऱ्यावर उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बंधाऱ्यातलं लाकडी दार. ओहोटीला ते बाहेर ढकललं जातं आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीचंच पाणी त्याला दाबून बंद करतं. दाराची फळी कुजली की खारं पाणी शेतात घुसायचं आणि वर्षाचं भात जायचं. तेव्हा बाप काही विचार करत बसायचा नाही, आधी दार बुजवायचा. आत पाणी चढतंय तर येणारं पाणी बंद करा, हे मी चौथीची शाळा सोडायच्या आधी शिकले होते. आता ती शेतं भराव घालून गेली, वर गोदामं झाली, पण डोक्यातला बंधारा तसाच राहिला.

तीन आठवडे दिवसाला एक तांब्या, तोही चहा धरून. वैशाख होता. जीभ टाळूला चिकटायची. पोट तसूभर कमी झालं नाही. जाऊ म्हणायची, "अजून पितेस कुटंतरी चोरून."

दुसऱ्या सलाईनच्या आधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि मला विचारलं, "आजी, लघवीला किती वेळा जाता?"

"दिवसातून एकदा. कधी तेवढंही नाही."

"पाणी कोणी बंद केलं?"

मुलगा खाली बघायला लागला. बाईंनी त्या दिवशी केमो दिली नाही, नुसतं मिठाचं पाणी चढवलं. म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा रक्त बघू. मूत्रपिंडं सुधारली तर औषध देईन. नाहीतर हे औषध बंद. आणि याच्या तोडीचं दुसरं माझ्याकडे नाही."

म्हणजे हातात सहा दिवस. एवढं स्पष्ट सांगितल्यावर घरात कोणी तोंड उघडायचं कारण नव्हतं. पण जावेने घरी येताच विचारलं, "शिरेतून दिलं ना पानी? मंग बास झालं." आणि मी भरून घेतलेला तांब्या पुन्हा उचलला. मुलगा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. चाळिशी आलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी माझी भाची आली. ती मुंबईत प्रयोगशाळेत काम करते. गाठीच्या पेशी काचेच्या बश्यांत वाढवायच्या आणि त्यांच्यात पाणी कसं ये-जा करतं ते बघायचं, हे तिचं काम. मला बरेच दिवस वाटायचं, बश्या धुवायला ठेवलीय तिला.

मी विचारलं, "खरं सांग. गाठ पाणी पिते?"

"पेशीत पाणी जातं, आत्या. बाहेरही येतं. पेशीभोवती तेलकट पातळ पडदा असतो, त्यातून पाणी हळूहळू पाझरतं. शिवाय त्यात फक्त पाण्यापुरती बारीक दारं असतात. बऱ्याच गाठींच्या पेशी अशी दारं जास्त बसवून घेतात, मग पाणी भराभर जातं-येतं."

"दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"दोन्ही बाजूंना. त्याला आजोबांच्या उघाडीसारखी फळी नसते. दार पाणी ढकलत नाही आणि ओढतही नाही. जिकडे खारेपणा जास्त, तिकडे पाणी जातं. साध्या पाण्यात ठेवल्या तर पेशी फुगून फुटतात, मी रोज बघते."

"मग मी हंडाभर प्यायले तर माझ्याही फुटतील!"

ती खो खो हसली. "नाही गं. तू पितेस ते रक्तात जातं, आणि रक्ताचा खारेपणा तुझी मूत्रपिंडं सांभाळतात. बशीला मूत्रपिंडं नसतात."

"आणि पोटातलं पाणी?"

"गाठीमुळे तिथल्या रक्तवाहिन्या गळतात. रक्तातला घट्ट ऐवज पोटात उतरतो आणि तो पाण्याला धरून ठेवतो. तू प्यायली नाहीस तरी ते तुझ्या रक्तातूनच येणार. सुकतेस ती तू."

जाऊ समोरच लोणच्याला कैऱ्या फोडत होती. सकाळी फोडलेल्या मीठ लावून परातीत पसरल्या होत्या आणि परात तिरकी करून ती त्यांचं पाणी पातेल्यात ओतत होती. मी बघत बसले. मग उठले आणि पातेलं तिच्या पुढ्यात सरकवलं.

"जाऊबाई, या फोडींना पाणी कोणी पाजलं?"

"कोन पाजंल? मिठानं सुटलं."

"सकाळपासून थेंब पाजला नाही, तरी पातेलं भरलं. आणि फोडी बघा कशा झाल्या."

फोडी सुरकुतल्या होत्या. तिने एक उचलून पाहिली आणि परत टाकली. "कैरी न् मानूस एक हाय का?"

"मीठ एकच हाय. ही परात माझं पोट आणि ही फोड मी. तुम्ही फोडीचं पाणी तोडून परात सुकवताय."

"लई शिकलीस भाचीकडून."

"बापाकडून चुकीचं शिकले होते, ते आज सुटलं. तांब्या कुठे ठेवलाय?"

ती हलली नाही. सून मध्ये पडली, "आई, जरा दमानं घ्या..." मीच गेले, फडताळ उघडलं, तांब्या काढला, माठात बुडवला आणि जावेच्या समोर उभी राहून संपवला. पाणी गळ्यावरून पोलक्यात उतरलं. पुसलं नाही.

सोमवारपर्यंत भाचीने सांगितलं तेवढं मोजून प्यायले, दर तासाला पेलाभर. मुलाला सांगून ठेवलं, "आता कोणी तांब्या उचलला तर मी जाऊन भाचीकडे राहीन, आणि गावात कारणही सांगेन." जाऊ परसात मोठ्याने बोलत राहिली, "फुटंल पोट." पोट फुटलं नाही. कमीही झालं नाही. ते पुढे औषधाने दोन महिन्यांनी उतरलं, तोवर सुई आणखी दोनदा घालावी लागली. पाणी पिऊन गाठ बरी होते असं मी म्हणत नाही. ती तहानेने मरत नाही, एवढंच म्हणते.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "चालेल. देऊ आज."

मुलगा पुढे झाला. "डॉक्टर, हिला दिवसाला किती पाणी द्यायचं?"

"तू काय देणार?" मी म्हटलं. "पिणार मी आहे. बाई, मला सांगा."

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि मला सांगितलं.