पुस्तकांचे गाठोडे

वडील गेल्यानंतर आठ दिवस मी देवाचे नाव घेतले नव्हते. रागाने नव्हे. नुसते तोंडात आले नाही. वडील रोज तिन्हीसांजेला दिवा लावून दत्ताची आरती म्हणत, आणि मी शाळेच्या वह्या तपासता तपासता दुसऱ्या खोलीतून ती ऐकत असे. आवाज थांबला तेव्हा माझ्या लक्षात आले की माझी सगळी भक्ती ऐकण्यापुरतीच होती. स्वतःची अशी माझ्याजवळ काही नव्हती.

आम्ही खानापूरला राहत होतो. मी तेथील मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. लग्न झाले नव्हते, आता होण्याचे वयही राहिले नव्हते. भाऊ नाही. चुलतभावाने अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि म्हणाला, "मलप्रभा दारातच आहे, तिथेच सोडू." पण वडिलांचा जन्म निपाणीकडचा, वेदगंगेच्या काठच्या एका खेड्यातला. त्यांच्या आईच्या अस्थी त्यांनी स्वतः त्या पाण्यात सोडल्या होत्या, आणि शेवटच्या आठवड्यात ते दोनदा म्हणाले होते, "मला तिथेच ने." चुलतभावाला दहाव्याची तयारी करायची होती, घर सोडता येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर इतक्या लांब जाण्याची गरजही वाटत नव्हती. "सगळं पाणी एकच," तो म्हणाला. मी म्हणाले, "मग मी नेते." तो म्हणाला, "दहावा दिवस उलटायच्या आत पोचव म्हणजे झाले."

मी हट्टाने निघाले की श्रद्धेने, हे मला आजही सांगता येत नाही.

अस्थींचे लहान मडके पांढऱ्या फडक्यात बांधले, त्यावर माझी जुनी कापडी पिशवी घातली आणि आठव्या दिवशी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसले. बेत सोपा होता. गाडीने थेट चिकोडी रोडपर्यंत जायचे, तिथून मोटारीने निपाणी, पुढे गावापर्यंत पायी. पण लढाईची वर्षे होती. बेळगावला गाडी थांबली ती थांबलीच. लष्कराच्या गाड्या पुढे काढायच्या होत्या, म्हणून आम्हा सगळ्यांना खाली उतरवले. पुढची गाडी सकाळी. मुसाफिरखान्यात शिपायांच्या ट्रंका रचलेल्या होत्या आणि तेथील जमादार एकट्या बायकांना बसू देत नव्हता. ऊन कलले होते. माझ्या मांडीवर वडील होते आणि त्यांना घेऊन रात्र काढायला मला जागा हवी होती.

ज्यांनी अस्थी नेल्या आहेत त्यांना ही अडचण ठाऊक असेल. अस्थी कोणी छपराखाली घेत नाही. स्वतःच्या घरातही त्या आणायच्या नसतात, बाहेर झाडाला टांगून ठेवतात. मग परक्याचे घर तर दूरच.

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत गेले. राखणदार ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"एकट्याच? संगं पुरुषमाणूस न्हाय?"

"नाही."

"पिशवीत काय हाय, एवढं छातीशी धरलंय ते?"

मी खरे सांगितले. तो उठून दोन पावले मागे झाला.

"बापाला घिऊन फिरतायसा व्हय? भाऊबंद काय समदं मेलं?" मग आपल्याच बोलण्याची त्याला थोडी लाज वाटली असावी. आवाज उतरवून म्हणाला, "राग मानू नका बाई. भिंतीला लागून देऊळ हाय. रस्त्यापल्याड चिंच हाय बघा, तिला टांगा आन् तुमी आत या."

त्या चिंचेखाली टांगेवाल्यांचे घोडे बांधलेले होते. पोरे दगड मारून चिंचा पाडत होती. मी वडिलांना तिथे ठेवू शकले नाही.

टिळकवाडीत ट्रेनिंग कॉलेजातली माझी एक मैत्रीण राहत होती. तिच्या फाटकापर्यंत गेले. दारात मांडव पडत होता, आंब्याच्या पानांचे तोरण बांधून झाले होते. कोणाचे तरी लग्न. आतून बायकांचे हसणे ऐकू आले. मी कडीला हात न लावताच वळले. तिने मला नाही म्हटले नसते, आणि म्हणूनच तिला विचारणे पाप होते.

त्यानंतर मी ठरवले की आता खरे सांगायचे नाही. चालत शहापुराकडे निघाले. तिथे विणकरांची वस्ती. गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट. लग्नसराई, लुगड्यांची घाई. आठ दिवसांच्या जागरणाने माझे डोके ठणकत होते. त्या आवाजात एकच घर गप्प होते. त्याच्या कट्ट्यावर मी बसले, ते केवळ तिथे शांत वाटले म्हणून.

आतून एक म्हातारी बाई बाहेर आली. "कुनाच्या वो तुमी? कुठनं आलासा?"

मी शाळेतली बाई आहे, गाडी चुकली, सकाळच्या गाडीने निपाणीकडे जायचे आहे, एवढे सांगितले. सुतकामुळे माझ्या कपाळावर कुंकू नव्हते. तिने मला विधवा समजले, आणि मी तो समज तसाच राहू दिला. पाणी मागितले. ती उंबऱ्यात थबकली, काही बोलणार असे वाटले, मग आत जाऊन तांब्या घेऊन आली. मी प्याले. मी पीत असताना ती माझ्या तोंडाकडे इतकी टक लावून पाहत होती की मला संकोच वाटला.

"ऱ्हावा की हितंच," ती म्हणाली. "मागाच्या खोलीत जागा हाय." मग पिशवीकडे बोट करून, "त्यात काय हाय?"

"पुस्तकं आहेत," मी म्हणाले.

आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या माणसाला खोटे बोलतानाही पुस्तकेच सुचली. आणि त्या खोट्याची शिक्षा मला तिथल्या तिथे मिळाली. "सरस्वती हाय म्हंजे," म्हणत तिने पिशवी माझ्या हातातून अलगद घेतली. "भुईवर नगं ठिवाया, पाय लागंल कुनाचा." आणि आत जाऊन, भिंतीतल्या फळीवर जिथे त्यांचे देव होते, तिथे देवांच्या शेजारी तिने माझ्या वडिलांच्या अस्थी ठेवल्या.

मागाच्या खोलीत भिंतीला टेकून मी बसून राहिले. मागावर अर्धवट विणलेले हिरवे लुगडे होते, त्याच्यावर फडके टाकलेले. मागाच्या कडेला एक म्हातारा, त्या बाईचा नवरा, पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, काही विचारलेही नाही. मी त्या फळीकडे पाहत होते. सोवळ्या-ओवळ्यावर माझा फार विश्वास होता असे नाही. पण ज्या घराने मला पाणी दिले त्याच्या देवाला मी फसवले होते, आणि त्यात वडिलांना साक्षीला बसवले होते.

दिवेलागण झाली. गल्लीतले माग एकेक करून थांबले. म्हातारी हात पदराला पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, एक काम कराल का? देवाला दिवा लावा. आमचा हात चालत न्हाय." ती खाली पाहू लागली. "सुतक हाय घरात. माझा लेक गेला, आज सहावा दीस. शेजारीन रोज येऊन लावत व्हती, ती आज म्हायेरी गेली. मघाशीच सांगाया पायजे व्हतं. पर सांगितलं असतं तर तुमी पानी पिला नसता. सहा दिसांत भायेरचं कुनी या घरात पानी पिलं न्हाय. चुकलं माझं. आता लावा दिवा, आन् जायचं तर जावा."

तिने माझ्यापुढे काड्यांची पेटी धरली होती.

मी ती घेऊन दिवा लावला असता तर रात्र निभावली असती. कोणाला कधी कळले नसते. मी पेटीला हात लावला नाही. म्हणाले, "आक्का, माझाही हात चालत नाही. त्या पिशवीत पुस्तकं नाहीत. माझे वडील आहेत."

मी उठून माझे पातळ सावरू लागले, कारण आता निघायचे होते. अंधार पडत होता आणि कुठे जायचे ते मला माहीत नव्हते. म्हातारी फळीजवळ गेली. पिशवी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली आणि म्हणाली, "देवाच्या मांडीवरच जाऊन बसला की गं बाबा तुझा!" आणि एकदम रडू लागली. तोवर ती मला 'तुमी' म्हणत होती.

मागल्या परसात पेरूचे झाड होते. त्याच्या खालच्या फांदीला आधीच एक मडके टांगलेले होते, फडक्यात बांधलेले. तिच्या लेकाचे. तिचा थोरला दीर सोलापुराहून यायचा होता म्हणून थांबलेले. तिने माझ्या वडिलांना त्याच्या शेजारी बांधले. गाठ नीट बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिले. म्हणाली, "एकटाच व्हता. सोबत झाली."

साऱ्या बेळगावात माझ्यासाठी उघडे असू शकेल असे जर एखादेच दार असेल, तर ते हेच होते. जिथे सुतक आहे तिथे सुतकाने काय बिघडणार? मी ते शोधले नव्हते. माझे डोके दुखत होते आणि त्या घरात आवाज नव्हता, एवढेच.

आत आल्यावर मी विचारले, "मग दिव्याचं काय?" माजघरात, जिथे लेकाने प्राण सोडला, तिथे पिठावर एक पणती दहा दिवसांसाठी तेवत होती. दाराच्या फटीतून तिचा थोडा उजेड फळीपर्यंत येत होता. म्हातारी म्हणाली, "लेकाच्या दिव्याचा पडतोय न्हवं उजेड. आज त्येवढ्यातच बसू दे देवाला."

आम्ही तिघे त्या अपुऱ्या उजेडात बसलो. देव नीट दिसतही नव्हते. पण मला पहिल्यांदा वाटले की समोर कोणीतरी आहे, आणि तेही आमच्यासारखेच कोणाचे तरी जाणे सोसत बसले आहे. कधीतरी माझ्या लक्षात आले की मी वडिलांची आरती पुटपुटत आहे. ती मला सबंध पाठ होती.

आणि तेवढ्यात तो म्हातारा बोलला. "तुमचं वडील काय करत व्हतं?"

"शिक्षक होते."

"मारत व्हतं का पोरांस्नी?"

"नाही. खडू फेकून मारायचे. पण नेम कधी लागायचा नाही."

तो हसला. मग तो आपल्या लेकाविषयी बोलू लागला. मागावर धोटा किती हलका टाकायचा, काठ विणताना गाणे कसे म्हणायचा, तापातही लुगडे पुरे करायचे आहे म्हणून कसा उठत होता. म्हातारी माझा दंड घट्ट धरून बसली होती. नंतर भाकरी वाढताना मला हळूच म्हणाली, "सहा दिसांनी त्वांड उघडलं त्येनं. तू आलीस म्हनून." मी कोण, कोणत्या जातीची, हे त्यांनी विचारले नाही. मीही नाही.

सकाळी म्हातारा मला स्टेशनापर्यंत सोडायला आला. पिशवी त्यानेच धरली होती, दोन्ही हातांनी. गाडी मिळाली. चिकोडी रोडला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार धापा टाकत उभी होती, तिने चढावर आम्हाला दोनदा उतरवले, पण नवव्या दिवशी ऊन उतरायच्या आत मी वेदगंगेवर होते. पाण्यात गुडघाभर उभी राहिले आणि हात उघडेना. मला पेरूची ती फांदी आठवली. वडील एक रात्र परक्याच्या झाडावर परक्याच्या लेकाजवळ राहिले होते आणि त्यांचे काही वाईट झाले नव्हते. मग मी मडके वाकडे केले.

दोन महिन्यांनी सुट्टीत मुद्दाम बेळगावला उतरले. शहापुरात ती गल्ली सापडली, पण घर सापडेना. गप्प असे एकही घर नव्हते, सगळीकडे खटखट चालू. मी वेड्यासारखी दोनदा पुढे-मागे गेले. शेवटी एका कट्ट्यावरून म्हातारीची हाक आली, "आक्का! आज तरी पुस्तकं आनलीस व्हय?"

आणली होती. वडिलांची जुनी आरत्यांची वही. तिने ती घेतली आणि त्याच फळीवर ठेवली. म्हाताऱ्याने माग थांबवला. तिन्हीसांज झाली तेव्हा तिने काड्यांची पेटी माझ्यापुढे केली.

देवाला शरण जाणे म्हणजे काय, हे मी पुष्कळ वाचले होते. मला कळले ते इतकेच की आपल्या गाठोड्यात जे आहे ते खरे सांगावे, आणि मग कोण कुठे बसवील ते त्याच्यावर सोडावे. त्या दोघांचे ऋण माझ्याकडून फिटणार नाही. फेडावे असेही वाटत नाही. बेळगावला कधीही उतरले तरी आता मला राहायला जागा शोधावी लागत नाही, आणि त्या घरात दिवा लावायची पाळी माझी असते.