मण्यांनी मोजलेले श्वास

नववीच्या वर्गाला मी विदर्भातील वैद्यकीय शोधांचा इतिहास शिकवत होते. जिल्हा प्रदर्शनासाठी आमच्या प्रकल्पाची निवड व्हावी, ही त्यामागची माझी महत्त्वाकांक्षा होती. ती लपवण्यात अर्थ नाही. या इतिहासातले मला सर्वाधिक आवडणारे प्रकरण गडचिरोलीकडच्या खेड्यांतले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या बायकांसाठी तिथे एक साधे साधन तयार झाले: मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. तान्ह्या बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी सहावा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची.

सदर बाजारातून मणी आणून आम्ही तशी साधने बनवली, आणि शनिवारी मी ती मुलांना घरी नेऊ दिली.

रविवारी सकाळी हुडकेश्वर भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिची मोठी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ महिन्याचे होते.

"मॅडम, लाल मणी सरकला."

पहिल्या क्षणी मला भीती वाटली ती बाळासाठी नव्हे, प्रकल्पासाठी. बाळ रडत होते का, असे मी विचारले. ते झोपले होते. तू नेमके काय मोजलेस? पोट वर आले की एक, खाली गेले की दोन, असे ती म्हणाली. दोन्ही मिळून एकच श्वास होतो, हे मी वर्गात स्पष्ट केलेच नव्हते. म्हणजे साठ नव्हे, तीस. मला हायसे वाटले. काळजी करू नकोस, हे शब्द अगदी ओठांवर होते. केवळ सवयीने मी आणखी एक प्रश्न विचारला: वाळू किती उरली होती?

"अर्धी, मॅडम."

अर्ध्या मिनिटात तीस. म्हणजे पुन्हा साठच.

पोट वर आले की फक्त 'हं' म्हण, असे सांगून मी घड्याळ समोर धरले. तिचे हुंकार एकमेकांना खेटून येत होते. मिनिट संपले तेव्हा मी सदुसष्टवर पोहोचले होते.

मी तिच्या वडिलांना फोन द्यायला सांगितले.

"सर्दी हाय त्याले, मॅडम," ते म्हणाले. "परीक्षा पोरीची घ्या ना. बाळाची काहून घेऊन राहिल्या?"

"मोजण्यात चूक निघाली तर ती माझी, आणि शाळेत येऊन सगळ्यांसमोर मला तसं सांगा. पण आत्ता, या क्षणी बाळाला घेऊन दवाखान्यात निघा."

मग पलीकडे कुणाला तरी गाडीची किल्ली मागितल्याचे ऐकू आले.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा बाळाला ऑक्सिजन लावलेला होता. न्यूमोनियाच होता. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते. बाकावर थोडे सरकून विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला जागा करून दिली.

तिथेच बसून मी मोबाईलमध्ये वर्गाची यादी उघडली. दुहेरी मोजणीने आकडा फुगतो, घटत नाही, हे मला कळत होते. पण माझे शिकवायचे आणखी काय काय राहून गेले, आणि त्यामुळे कुणाच्या घरी आकडा कमी भरला असेल, ते मला कळत नव्हते.

पहिल्या घरी फोन लागला. घरात तान्हे बाळ आहे का, असे मी विचारले.